रिंगमधील काल आणि आज : व्यावसायिक कुस्तीविषयी दोन रसिकांचा वाद

व्यावसायिक कुस्ती हा दोरांनी वेढलेल्या चौकोनी रिंगमध्ये खेळला जाणारा, मुख्यतः अमेरिका, मेक्सिको आणि जपान या देशांत वाढलेला आणि निकाल आधीच ठरवून ठेवलेला असा कुस्तीचा प्रकार असून, त्याला मातीतल्या किंवा ऑलिम्पिकमधल्या कुस्तीच्या मापाने मोजणाऱ्यास एक प्रश्न नेहमी पडतो : जिंकणार कोण हे ठरलेलेच असेल, तर चांगली लढत आणि वाईट लढत असा भेद तरी कशाच्या आधारे करायचा? हा प्रश्न दिसतो तितका बिनतोड नाही. नाटकाचा शेवट संहितेत लिहिलेला असतो म्हणून त्याचे सर्व प्रयोग सारखेच रंगतात असे कोणी म्हणत नाही. आणि रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताने तर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथातील पहिल्याच निबंधात अशा कुस्तीला क्रीडा न मानता देखावा मानून, प्रेक्षकाला तिच्यात जय-पराजयापेक्षा वेदना, अन्याय आणि त्याची परतफेड यांचे उघड दर्शन हवे असते, असे प्रतिपादन केले होते.

निकाल ठरवण्याची पद्धत मुळात का आली, हे समजण्यासाठी न ठरवलेल्या लढतींकडे पाहणे उपयोगाचे ठरते. सप्टेंबर 1910 मध्ये लंडनला भारतीय पैलवान गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली आणि झबिस्को बहुतेक वेळ गादीला चिकटून राहिल्यामुळे अनिर्णित सुटली. पुढे 1928 साली पटियाळ्यास हेच दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत त्याला अस्मान दाखवले. जाणकाराला या दोन्ही लढतींत पुष्कळ काही दिसेल, परंतु तिकीट काढून आलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला पहिलीत कंटाळा आणि दुसरीत चुटपुट याखेरीज फारसे काही येण्याजोगे नव्हते. 1920 च्या दशकात अमेरिकेतील एड 'स्ट्रँगलर' लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रयीने नेमकी हीच अडचण ओळखून लढतीला वेळेची मर्यादा घातली, तिच्यात फेकाफेकीचे आणि दिसायला भडक असे डाव आणले आणि निकालाची आखणी हा धंद्याचा पाया केला. ही आखणी बाहेर फुटू न देण्याच्या शिस्तीला त्या व्यवसायात 'केफेब' म्हणतात; तिच्यापोटी खलनायकाची भूमिका करणारा मल्ल, ज्याला 'हील' म्हणतात, आणि नायकाची भूमिका करणारा, ज्याला 'बेबीफेस' म्हणतात, हे दोघे रिंगबाहेर एकत्र दिसणेही निषिद्ध मानले जाई. ही शिस्त अधिकृतपणे मोडली ती एखाद्या पत्रकाराने नव्हे, तर खुद्द मालकांनी : 1989 मध्ये न्यू जर्सी राज्यातील क्रीडा-नियमनाच्या कटकटीतून सुटावे म्हणून वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या संस्थेने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, आपला खेळ हे मनोरंजन असल्याचे सांगून टाकले.

पुढील संवादातील दोन रसिक कल्पित आहेत, मात्र त्यांची मते या कुस्तीच्या चाहत्यांत सर्रास ऐकू येतात. ज्येष्ठ रसिकाची आवड 1980 च्या दशकातील व्हिडिओ कॅसेटींवर आणि पुढे केबल दूरचित्रवाणीवर पोसलेली आहे. त्याच्या आधीच्या पिढीने मुंबईत दारासिंग आणि किंग काँग यांच्या 'फ्रीस्टाइल' कुस्त्यांना गर्दी केली होती, त्यामुळे ही आवड त्याच्या घरात नवी नव्हती. तरुण रसिकाने जपानमधील लढतीही पाहिल्या आहेत आणि त्याला कोणतीही जुनी लढत एका बोटाच्या अंतरावर उपलब्ध आहे, ही गोष्ट त्याच्या युक्तिवादाला बळ देणारी आहे.

ज्येष्ठ : पूर्वीच्या लढतीत एकेका डावाला वजन होते. जेक रॉबर्ट्सचा डीडीटी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे डोके काखेत धरून मागे पडत ते जमिनीवर आदळण्याचा डाव, 1986 च्या सुमारास एकदा बसला की लढत संपली, असे प्रेक्षक गृहीतच धरत. आज तोच डाव लढतीच्या मध्यावर सहज येऊन जातो आणि तो खाणारा मल्ल अर्ध्या मिनिटात उठून उलट डाव टाकतो. डावाचा परिणाम शरीरावर दिसू देणे, मान धरणे, पाय लंगडणे, श्वास लागणे, यालाच 'सेलिंग' म्हणतात, आणि ते नसेल तर उरते ती केवळ कसरत.

तरुण : काका, तुमच्या आठवणीतला काळ गाळून आलेला आहे. 29 मार्च 1987 रोजी मिशिगनमधील पाँटिॲक सिल्व्हरडोममध्ये झालेल्या तिसऱ्या रेसलमेनियात, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या वार्षिक मुख्य कार्यक्रमात, बारा लढती झाल्या, आणि त्यांपैकी आज चर्चा होते ती दोनच लढतींची. उरलेल्या दहा पुन्हा पाहण्याचे धाडस किती जण करतील? त्या दोनांतलीही एक, हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट, ही लढत म्हणून पाहवत नाही. आंद्रेच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली होती, त्याला चालणेही कष्टाचे होते, आणि लढतीचा मोठा भाग तो होगनला मिठीत आवळून उभा राहण्यात गेला.

ज्येष्ठ : ती मिठी पाहायला लोक आलेच नव्हते. एवढा अवाढव्य माणूस उचलला जातो की नाही, हा एकच प्रश्न घेऊन ते आले होते आणि होगनने आंद्रेला उचलून आपटले त्या क्षणी त्यांना उत्तर मिळाले. एका प्रश्नावर सबंध स्टेडियम बसवून ठेवणे आजच्या वीस डावांच्या माळेला जमते का?

येथे ज्येष्ठाचे म्हणणे मान्य करावे लागते, परंतु त्यातून तो काढू पाहतो तो निष्कर्ष निघत नाही. त्या दिवशी जाहीर झालेला 93,173 हा प्रेक्षकांचा आकडा फुगवलेला असल्याचे अनेक अभ्यासकांचे मत आहे, तरी गर्दी प्रचंड होती यात वाद नाही. मात्र ती प्रसिद्धीने आणि कथानकाने जमवलेली होती, आणि लढतीने तिला जे दिले ते एका क्षणापुरते होते. एक क्षण अविस्मरणीय असणे आणि लढत चांगली असणे या दोन भिन्न गोष्टी असून जुन्या काळाचे बहुतेक गुणगान या दोहोंची गल्लत करते. अर्थात तरुणाने उल्लेखलेली दुसरी लढत, रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट, या गल्लतीतून पूर्णपणे मुक्त आहे आणि वादाचा खरा गाभा तिच्यातच सापडतो.

ज्येष्ठ : त्याच संध्याकाळी सॅव्हेज आणि स्टीमबोट यांनी पंधरा मिनिटांच्या आत जे केले, ते आजच्या चाळीस मिनिटांत होत नाही. काही महिन्यांपूर्वी सॅव्हेजने रिंगच्या घंटेने स्टीमबोटचा गळा जायबंदी केल्याचे कथानक होते, त्यामुळे गळ्याकडे गेलेला प्रत्येक हात प्रेक्षकांना अस्वस्थ करत होता. आणि शेवटी तीच घंटा घेऊन दोरावर चढलेल्या सॅव्हेजला जॉर्ज स्टील या तिसऱ्याच मल्लाने खाली ढकलले, तेव्हा जुना हिशेब चुकता झाला. यात एकही हालचाल वाया गेलेली नाही.

तरुण : नेमकी हीच लढत तुमच्या विरोधात साक्ष देते. सॅव्हेजने ती अगोदर कागदावर डावामागून डाव लिहून काढली होती आणि स्टीमबोटकडून घोटून घेतली होती. आजच्या मल्लांवर तुम्ही जो आरोप करता, की ते लढत नाहीत, पाठ केलेले म्हणून दाखवतात, तो त्या लढतीला सर्वांत आधी लागू पडतो. वेग पाहा, 'निअर फॉल' पाहा. पाठ टेकलेल्या मल्लाने पंचाचा हात तिसऱ्यांदा गादीवर पडण्याच्या आत खांदा उचलणे म्हणजे निअर फॉल, आणि त्या लढतीत ते एकामागून एक येतात. आजच्या शैलीचा तो पूर्वज आहे.

ज्येष्ठ : पाठांतर हा दोष नव्हे, ते दिसणे हा दोष. आणि स्टीमबोटचीच दुसरी बाजू हवी असेल, तर 1989 मधील रिक फ्लेअरशी झालेल्या त्याच्या तीन लढती आहेत. फ्लेअर हा पुढचा डाव रिंगमध्येच प्रतिस्पर्ध्याच्या कानात सांगत लढणाऱ्या परंपरेतला. 2 एप्रिलला न्यू ऑर्लिन्स येथे तीनपैकी दोन फेऱ्या जिंकण्याच्या अटीवर झालेली त्यांची लढत जवळजवळ एक तास चालली आणि ती प्रेक्षकांच्या आवाजावर बेतत, त्यांच्या कलाने पुढे सरकत गेली.

या मुद्द्यावर दोघांपैकी कोणीही पूर्णपणे चुकलेला नाही. फ्लेअर-स्टीमबोट यांच्या या लढतीत पहिली वीस मिनिटे हातपिळ्या आणि डोक्याच्या पकडी यांतच जातात, आणि आजच्या प्रेक्षकाला ती लांबलचक वाटतील. तथापि छातीवर बसणाऱ्या प्रत्येक चापटीने त्वचा लाल होत जाते, दुसऱ्या अर्ध्या तासात त्या साचलेल्या थकव्याचे व्याज मिळते, आणि हे साचवणे ही वेगवान लढतीला सहसा न परवडणारी चैन आहे. उत्स्फूर्त की घोटलेली, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरतो. एका मिनिटात जे घडले ते पुढल्या मिनिटात शिल्लक राहते का, हा कस दोन्ही पद्धतींना सारखाच लागू होतो.

तरुणाने यानंतर जुन्या काळाची दोन अंगे पुढे आणली, ज्यांविषयी ज्येष्ठापाशी फारसे उत्तर नव्हते.

तरुण : 28 जून 1998 रोजी पिट्सबर्ग येथे अंडरटेकरने मॅनकाइंडला, म्हणजे मिक फोलीला, सुमारे सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या माथ्यावरून समालोचकांच्या टेबलावर फेकले. ते दृश्य आजही गौरवाने दाखवले जाते. पण तो माणूस मरता मरता वाचला, आणि त्यापुढची लढत ही लढत नसून अपघातानंतरचा गोंधळ होता. उघड्या डोक्यावर खुर्च्या मारण्याची तेव्हाची परंपरा डब्ल्यूडब्ल्यूईने बंद केली ती 2010 साली; त्याला जुन्या काळाची जादू कसे म्हणायचे? आणि स्त्रियांचे काय? 2000 च्या दशकात त्यांच्या वाट्याला येणारी चार-पाच मिनिटे बहुधा त्यांच्या कपड्यांभोवती फिरत. 22 ऑगस्ट 2015 रोजी ब्रुकलिनमध्ये साशा बँक्स आणि बेली यांची लढत झाली, 2019 मध्ये बेकी लिंच, शार्लट फ्लेअर आणि राँडा राउझी यांनी रेसलमेनियाची अखेरची लढत केली. असे काही तुमच्या अमेरिकेत होते का?

ज्येष्ठ : नव्हते. जपानमध्ये मात्र होते, आणि तेव्हाही उत्कृष्ट होते. पण अमेरिकेपुरते तुझे म्हणणे खरे आहे. आणि फोलीविषयीही ते मान्य केले पाहिजे. परंतु जोखीम केवळ जुन्या काळाचीच नव्हे. मित्सुहारू मिसावाला विसरू नकोस.

मिसावा या जपानी मल्लाचा उल्लेख या वादात अपरिहार्य आहे. 3 जून 1994 रोजी तोक्योच्या बुदोकान सभागृहात त्याने तोशिआकी कावादाशी केलेली लढत अनेक जाणकार सर्वकाळच्या श्रेष्ठ लढतींत गणतात. त्या शैलीत मल्ल मान आणि खांद्यांवर आदळवले जात आणि एका वर्षी जो डाव लढत संपवी तो पुढच्या वर्षी अपुरा पडे, म्हणून आणखी धोकादायक डाव शोधावा लागे. 13 जून 2009 रोजी हिरोशिमा येथे, एका साध्या मागे आपटण्याच्या डावानंतर, वयाच्या 46 व्या वर्षी मिसावाचा रिंगमध्ये झालेल्या दुखापतीने मृत्यू झाला. ज्येष्ठ ज्याला डावांचे अवमूल्यन म्हणतो त्याची किंमत सौंदर्यशास्त्रीय नसून शारीरिक असते, आणि ती किंमत मोजणाऱ्या शैलीचा कळस 1990 च्या दशकातला, म्हणजे ज्येष्ठाच्याच आवडत्या काळातला आहे, ही बाब दोन्ही पक्षांना अडचणीची आहे.

तरुण : अवमूल्यनाची तक्रार करताना तुम्ही रेसलमेनिया 25 मात्र वगळता. 5 एप्रिल 2009 रोजी ह्यूस्टनमध्ये शॉन मायकल्सने अंडरटेकरच्या टूमस्टोनमधून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला उलटे धरून डोक्यावर आपटण्याच्या डावातून, खांदा उचलला आणि अंडरटेकरचे डोळे विस्फारले. तुम्हाला ती लढत प्राणप्रिय. पण संपवणाऱ्या डावातून सुटण्याचा जो सुकाळ आज तुम्हाला खटकतो, त्याला अमेरिकेत प्रतिष्ठा मिळाली ती अशाच लढतींतून.

ज्येष्ठ : तेथे त्या सुटण्याला अर्थ होता, कारण टूमस्टोनमधून सहसा कोणी सुटत नसे. ज्या डावातून रोज सुटतात, त्यातून सुटण्यात कसले नवल? तुझ्या ओकाडा आणि ओमेगाने याचे काही उत्तर दिले असेल तर सांग.

कझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा यांची पहिली लढत 4 जानेवारी 2017 रोजी तोक्यो डोममध्ये झाली आणि ती 46 मिनिटे 45 सेकंद चालली. 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' या वार्तापत्राचे संपादक डेव्ह मेल्ट्झर यांनी तिला सहा तारे दिले, जेव्हा त्यांची मोजपट्टी सर्वसाधारणपणे पाच ताऱ्यांवर थांबत असे. ताऱ्यांनी काही सिद्ध होत नाही. सॅव्हेज-स्टीमबोट लढतीला त्यांनीच साडेचार दिले होते. उलट या मोजपट्टीने मल्लांनाच लांबीची हाव लावली, अशी तक्रार करण्यास जागा आहे. परंतु तरुणाने त्या लढतीविषयी जे मांडले ते ताऱ्यांवर विसंबलेले नव्हते.

तरुण : ओमेगाचा निर्णायक डाव 'वन-विंग्ड एंजल', म्हणजे प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर बसवून मानेवर खाली आणणे. जानेवारीतल्या त्या संपूर्ण लढतीत तो एकदाही बसला नाही. ओकाडा प्रत्येक वेळी निसटला. 11 जूनला ओसाकामध्ये तो बसला, पण ओकाडाचा पाय दोरावर पोहोचला आणि लढत साठ मिनिटांनी बरोबरीत सुटली. 12 ऑगस्टला साखळी स्पर्धेत तो बसला आणि ओमेगा जिंकला, मात्र तेथे विजेतेपद पणाला नव्हते. 9 जून 2018 रोजी, वेळेची मर्यादा काढून, तीनपैकी दोन फेऱ्यांच्या लढतीत त्याच डावाने ओकाडाची विजेतेपदावरील 720 दिवसांची सद्दी संपवली. एका डावाचे वजन सतरा महिने जपले गेले, काका. जेक रॉबर्ट्सच्या डीडीटीला तरी एवढा सांभाळ मिळाला होता का?

ज्येष्ठाने या मालिकेतील संयम मान्य केला, लांबी मान्य केली नाही. पहिल्या लढतीतील सुरुवातीची पंधरा मिनिटे काढून टाकली तर काहीही बिघडणार नाही, हे त्याचे मत बरेचसे योग्य आहे. त्यानंतर मात्र वादाने एक अनपेक्षित वळण घेतले, कारण वर्तमान डब्ल्यूडब्ल्यूईचा विषय निघताच दोघांनी जागा बदलल्या. रोमन रेन्सने ऑगस्ट 2020 मध्ये मिळवलेले विजेतेपद 7 एप्रिल 2024 रोजी फिलाडेल्फिया येथे कोडी ऱ्होड्सने हिरावून घेईपर्यंत, म्हणजे 1,316 दिवस टिकले, आणि त्या काळातील त्याच्या कितीतरी महत्त्वाच्या लढतींचा निकाल त्याच्या नातलगांच्या टोळीने बाहेरून घुसून लावला. तरुणाला यात लढतीचा अपमान दिसतो, कारण दोन मल्लांच्या कौशल्याला अर्थच उरत नाही. ज्येष्ठाला त्यात जुन्या पद्धतीचे पुनरागमन दिसते : सावकाश शिजणारे कथानक, लांबणीवर टाकलेला न्याय आणि एका प्रश्नावर धरून ठेवलेला प्रेक्षक. म्हणजे ज्येष्ठाचा कैवार जुन्या लढतींपेक्षा जुन्या कथनाचा होता आणि तरुणाचा कैवार नव्या काळापेक्षा लढत या घटकाचा होता. काळाच्या नावाने चाललेला वाद प्रत्यक्षात या दोन निष्ठांचा होता.

या दोन्ही निष्ठा एकत्र आल्याचे उदाहरण कोणते, यावर दोघांत अजिबात मतभेद झाला नाही. 23 मार्च 1997 रोजी शिकागोजवळच्या रोझमाँट येथे रेसलमेनिया 13 मध्ये ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांची लढत झाली. अट एकच होती, प्रतिस्पर्ध्याने हार कबूल करेपर्यंत लढायचे. पंच म्हणून केन शॅमरॉक उभा होता. हार्ट नायक म्हणून आला होता आणि ऑस्टिन खलनायक म्हणून. बावीस मिनिटांनी हार्टने पायांची शार्पशूटर ही पकड घातली, तेव्हा ऑस्टिनचा चेहरा रक्ताने माखलेला होता, आणि त्याने हार न मानता शुद्ध हरपू दिली; त्यानंतरही हार्ट त्याच्यावर तुटून पडला आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. हरलेला नायक होऊन गेला आणि जिंकलेला खलनायक. दोघांच्या भूमिका एकाच लढतीत उलटण्याच्या या प्रकाराला 'डबल टर्न' म्हणतात. तो क्वचितच साधतो आणि या लढतीत तो भाषणाशिवाय, केवळ शरीरांच्या वागण्यातून साधला गेला. त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला माँट्रियलमध्ये मालक व्हिन्स मॅकमहन यांनी हार्टला न सांगता घंटा वाजवून त्याचे विजेतेपद काढून घेतले. त्या प्रसंगावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्या गाजावाजात मार्चमधली लढत झाकली जाते, हे दुर्दैवी आहे; माँट्रियलची घटना व्यवसायाच्या इतिहासात महत्त्वाची असली, तरी लढत म्हणून ती अर्धवटच आहे.

तेव्हा नव्याने या कुस्तीकडे वळणाऱ्या मराठी वाचकाने रोझमाँटची लढत सर्वांत आधी पाहावी, त्यानंतर सॅव्हेज-स्टीमबोट, आणि मग ओकाडा-ओमेगा यांच्या चारही लढती त्यांच्या क्रमानेच, कारण शेवटची लढत एकटी पाहिल्यास निम्मीच कळते. फ्लेअर-स्टीमबोट मालिका सवड असेल तेव्हा पाहावी. होगन आणि आंद्रे यांच्या लढतीतील तो उचलण्याचा क्षण पाहणे पुरेसे आहे.